लॉनवाले भाऊसाहेब

मे महिन्यात अमरावतीत पेपर उघडला की कोणी आधी निधनवार्ता पाहतं, कोणी सोन्याचा भाव, कोणी कापसाचा. आमच्या लेआउटमधले लॉनवाले भाऊसाहेब आधी धरण पाहतात. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्ध्यात किती टक्के पाणी उरलं, हा आकडा आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात बारीक टायपात असतो. एरवी विजेच्या बिलावरची तारीख वाचायला त्यांना चष्मा लागतो. हा आकडा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. "अर्धा टक्का उतरलं," असं म्हणून ते चहाचा कप खाली ठेवतात, आणि तो अर्धा टक्का पासबुकातून गेल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. त्या धरणाचं कागदोपत्री नाव नल-दमयंती सागर, त्याला दरवाजे १३, हे ते कोणालाही थांबवून सांगतात. त्याच धरणाचं पाणी अख्खी अमरावती पिते, हे मात्र सांगत नाहीत. त्यांच्या हिशेबी धरण लॉनसाठीच आहे. शहर मधल्या मध्ये उसनं पितं.

असा एक भाऊसाहेब वऱ्हाडात प्रत्येक लेआउटला असतोच. अमरावतीत साईनगराकडे जा, अकोल्यात गोरक्षण रोडला जा, सकाळी पाचला गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, बनियान, खांद्यावर दुपट्टा आणि हातात हिरवा पाइप अशी एक आकृती कंपाउंडच्या आत उभी दिसेल. आम्ही आमचा भाऊसाहेब जरा जवळून पाहिला आहे, एवढंच. ओळखायची खूण अंगठा. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा करायची सवय असल्यामुळे त्यांचा उजवा अंगठा चपटा झाला आहे. पोराने पुण्याहून पितळी फवारा पाठवला होता. तो त्यांनी देवघराच्या फडताळात ठेवला. "मशीनले गवताची तहान समजत नाही," असं त्यांचं मत.

प्लॉट ३,००० फुटांचा. त्यातली पुढची ९०० फूट जागा त्यांनी लॉनला दिली आहे. त्याच जागेवर डावीकडच्या शेजाऱ्याने दोन गाळे काढून भाड्याने दिले, समोरच्याने कार उभी केली. भाऊसाहेबांनी गवत उभं केलं आणि फाटकावर पाटी लावली : 'लॉनवर चालू नये.' पाटीचा एकदा भलताच परिणाम झाला. आपल्याकडे बायपासला ओळीने जी लॉनं आहेत ती लग्नाची. एक मोटारसायकलवाला पाटी वाचून आत आला. "काका, पंधरा तारीख मोकळी हाय काय? पोरीचं साक्षगंध हाय. दोनशे पान." भाऊसाहेबांनी त्याला अभिमानाने सगळं लॉन दाखवलं. त्याने मान वाकडी करून एकदा पाहिलं. म्हणाला, "अथी तं नवरदेवाची घोडी बी नाही मावनार," आणि किक मारली.

ही हौस आली कुठून, याची कथा ते दोन पेले मठ्ठा पोटात गेल्यावर सांगतात. मूळ गाव दर्यापूर तालुक्यात, वडील कोरडवाहू कास्तकार. १९७२ च्या दुष्काळात वडील साऱ्याच्या माफीचा अर्ज घेऊन अमरावतीला आले, सोबत मॅट्रिकला बसलेले भाऊसाहेब. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, पुढे कॅम्पात साहेबांचे बंगले झाले आणि बंगल्यांपुढे हिरवळी. इंग्रज गेले, आपले साहेब आले. हिरवळ ज्याच्या त्याच्या मागे बदली होऊन जात नाही, ती तिथेच राहिली. अशाच एका बंगल्याच्या व्हरांड्यापाशी बापलेक वहाणा काढून उभे होते. माळी झारीने पाणी शिंपत होता. गावात तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता. वडील बराच वेळ त्या गवताकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "एवढी हराळी, अन् कोनी उपटत नाही?"

वडिलांनी हराळी पाहिली. मुलाने साहेब पाहिला. ज्याच्या दारापुढे इतकी जमीन आहे आणि तिच्यातून त्याला काहीच काढायचं नाही, तो साहेब, हे त्या वयात त्यांना जे कळलं ते पक्कं कळलं. मग ते शिकले, पाटबंधारे खात्यात लागले, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात किती पाणी गेलं याच्या नोंदी करून निवृत्त झाले आणि पेन्शनीच्या पहिल्या वर्षातच लॉनच्या तयारीला लागले. शेताला उत्पन्न लागतं, लॉनला नुसता मालक लागतो, अशी त्यांची समजूत होती.

पहिली ठेच काळ्या मातीने दिली. कपाशीसाठी जी माती लाख मोलाची, ती लॉनला चालत नाही. पाऊस पडला की फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळू देत नाही. ऊन तापलं की आकसते आणि तिला भेगा पडतात. भाऊसाहेबांच्या अंगणातल्या एका भेगेत पाइप धरला तर अर्धा तास पाणी नुसतं आत जायचं. ते कुठे जातं हे कळेना. शेवटी फूटभर माती उचलून ट्रॉलीने बाहेर टाकायचं ठरलं. नेमके त्या दिवशी गावाहून मोठे भाऊ आले होते. सगळे त्यांना दादा म्हणतात. दादा ट्रॉलीजवळ गेले, मूठभर माती उचलली, चोळून पाहिली. "भारी जमीन हाय रे," ते म्हणाले. "फेकून राह्यला?" मग तिच्या जागी मुरूम, लाल माती, रेती आणि शेणखत आलं. शेणखत दादांनीच गावाहून पाठवलं, भावाच्या प्रेमापोटी. गावी त्यांच्या वावरातला तेवढा भाग त्या वर्षी खताशिवाय राहिला.

वर हिरवे चौकोन बसवले. नर्सरीत या गवताची नावं विचारली की मेक्सिकन, कोरियन, सिलेक्शन नंबर वन अशी उत्तरं येतात. भाऊसाहेबांनी मेक्सिकन घेतलं. पहिलं लॉन २०१५ च्या पावसाळ्यात बसलं; त्यानंतर किती वेळा पुन्हा बसलं ते वहिनींना विचारावं, त्यांनी किराण्याच्या वहीत मागच्या बाजूला लिहून ठेवलं आहे. २०२२ च्या जूनमध्ये असंच एकदा नव्याने घालणं चाललं होतं. त्याच आठवड्यात अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचं डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झालं आणि गिनीज बुकात नाव गेलं. भाऊसाहेब नर्सरीवाल्यावर घसरले, "तथी पंच्याहत्तर किलोमीटर झालं, अन् तुह्याच्यानं नऊशे फूट नाही होत?" तो बिचारा उकिडवा बसून चौकोन जुळवत होता. म्हणाला, "साहेब, डांबराले मुळं फुटाची वाट नाही पाहा लागत."

आता पाण्याचा हिशेब. हा त्यांनी स्वतःच एकदा मला मांडून दाखवला. जन्मभराचा धंदाच तो. चौरस मीटरभर जागेत एक मिलिमीटर पाणी उभं करायचं तर एक लिटर लागतं. ९०० फूट म्हणजे ८४ चौरस मीटर. आपल्या उन्हाळ्यात गवताला दिवसाला सहा मिलिमीटर तरी द्यावं लागतं. झाले ५०० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. "म्हणजे भाऊसाहेब," मी म्हणालो, "तुमच्या अंगणात जवळपास चार माणसं राहतात." ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "पण ते बोलत नाहीत ना भाऊ."

वहिनी आतून बोलल्या, "बोलनाऱ्याले कोन इचारते अथी? पस्तीस वर्सात या मानसानं मले एकदा नाही इचारलं, पानी पेली काय म्हनून."

नळ एक दिवसाआड येतो, तोही झोपेच्या वेळी. त्यावर पाचशे लिटरचं गवत जगत नाही, म्हणून भाऊसाहेबांच्या घरात पाण्याचा एकही थेंब सरळ मोरीत जात नाही. भाजी धुतली, पाणी लॉनला. तांदूळ धुतले, लॉनला. कुरड्यांसाठी गहू भिजवून, वाटून वरचं आंबलेलं पाणी वहिनींनी काढून ठेवलं होतं, तेही यांनी भक्तिभावाने लॉनला घातलं. नंतर चार दिवस सगळी गल्ली नाकाला दुपट्टा लावून चालत होती. आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून महिनाभर एका कोपऱ्याला दिलं. त्या यंत्रातून गोडं पाणी आपण पितो आणि क्षार सगळे टाकाऊ पाण्यात उतरतात. कोपरा जळून गेला. कूलरच्या टाकीच्या तळचं पाणीही त्याच जातीचं. एका मे महिन्यात त्यांनी कूलरची टाकी अर्धीच भरायची असा ठराव घरात मांडला. पारा तेव्हा ४५ वर होता. वहिनींनी ठराव फेटाळला. त्यासाठी त्यांना कॉटवरून उठावंही लागलं नाही.

मी एकदा त्यांना म्हणालो, भाऊसाहेब, हे इंग्रजांच्या देशातलं खूळ आहे, तिकडे पाऊस असतो. ते याचीच वाट पाहत होते. आतून वही आणली. "लंडनले वर्षाचा पाऊस किती? सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या अकोल्या-अमरावतीले? साडेसातशेच्या वर. आता बोला." मी खरोखर गप्प बसलो. आकडे बरोबर आहेत. लंडनमध्ये आपल्यापेक्षा पाऊस कमी पडतो. फरक इतकाच, की तिकडे तो बारा महिने किरकिर करत पडतो आणि वर सूर्य नावापुरता. आपला चार महिन्यांत धो धो कोसळून मोकळा होतो. नंतरचे आठ महिने सूर्य त्याची वसुली करतो. हे भाऊसाहेबांना कळत नाही असं नाही. पाण्याची वाफ मोजण्यात त्यांची नोकरी गेली. पण वकिलाला स्वतःच्या खटल्यात कायदा आठवत नाही.

ज्ञान म्हणाल तर भरपूर. पाणी सूर्य उगवण्याआधी द्यावं. रोज थोडं थोडं देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोल मुरेल असं द्यावं, म्हणजे मुळं पाण्यामागे खाली जातात. उन्हाळ्यात गवत फार खाली कापू नये, पात्यांची सावली मातीवर राहू द्यावी. सगळं पाठ. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला ते दरवर्षी जातात, लोक सोयाबीन आणि तुरीचे वाण पाहतात, हे बांधावरचं गवत पाहतात. पण घरी आले की जीव राहत नाही. दुपारी दोनला खिडकीतून पाहतात, गवताने मान टाकलेली दिसते, आणि उघड्या उन्हात शिंपडा मारून येतात. वरचेवर मिळतंय म्हटल्यावर मुळं वरच्या इंचातच बसून राहतात, आणि नळ एक पाळी चुकला की सगळं एकदम पिवळं पडतं. लाडावलेल्या पिकाचं हे लक्षण त्यांच्या वडिलांना न शिकता माहीत होतं.

२०१६ चा उन्हाळा त्यांनी भीतीत काढला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. राज्य तहानलेलं असताना मैदानावरच्या हिरवळीला पाणी कशाला, असा तो सवाल होता. मुंबईला व्हायची अंतिम लढत बंगळुरूला गेली. देशभर क्रिकेटवाले हळहळले. भाऊसाहेबांना क्रिकेटशी देणंघेणं नव्हतं. त्यांना त्या निकालात स्वतःचा घर क्रमांक दिसला. संध्याकाळी माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात विचारलं, "हायकोर्टाच्या नागपूर बेंचले बी हे लागू असते काय?" त्या महिन्यात ते रात्री दिवा न लावता पाणी द्यायचे. अंधारात पाइपाचा सूं आवाज यायचा, कुत्री भुंकायची आणि भाऊसाहेब कुत्र्यांना "गप रे, गप" म्हणायचे. लेआउटमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. कोणी तक्रार केली नाही, कारण अर्ध्यांच्या नळाला टिल्लू पंप होते.

नंतर त्यांनी उन्हावर इलाज म्हणून सगळ्या लॉनवर हिरवी शेडनेट बांधली. बांबू, सुतळी, वर जाळी. गवत जाळीखाली गेलं. रस्त्यावरून आता फक्त जाळी दिसायची. जी लोकांनी थबकून पाहावी म्हणून इतका खटाटोप, ती हिरवळ पाहायची तर कंबरेत वाकून, मान आत घालावी लागे. भाऊसाहेब पाहुण्यांना तसं वाकवत. एक म्हातारे काका आत वाकले ते उसण भरून बाहेर आले. एकदा पहाटे फाटक उघडं राहिलं आणि लेआउटची मोकाट गाय आत शिरली. ती वाकायचा त्रास न घेता बसकण मारून निवांत चरत होती. भाऊसाहेब काठी घेऊन धावले आणि तीन हातांवर थांबले. गाईला मारता येईना. त्यांनी हात जोडले. "माय, चाल आता. झालं ना." माय पाचव्या चौकोनापर्यंत झाल्यावर उठली. वहिनींनी तिला पोळी दिली. "सारा उन्हाया पानी घातलं," त्या म्हणाल्या, "कोनाच्या तरी पोटात गेलं."

कृषी केंद्रातला प्रसंग मात्र मी स्वतः पाहिला. जुलैचे दिवस, दुकानात कास्तकारांची ही गर्दी, काउंटरवर युरियाचा कालवा. भाऊसाहेब पुढे झाले.

"गवतासाठी औषध द्या."

"कोनतं पीक हाय?"

"गवतच."

"ते समजलं. गवत कोनत्या पिकात हाय? कपाशी? सोयाबीन?"

"पीक नाही. गवतच पीक."

दुकानदाराने चष्मा वर केला. मागच्या फळीवर बाटल्याच बाटल्या होत्या, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक बाटली गवत मारायची. "साहेब," तो म्हणाला, "माह्या बापानं हे दुकान टाकलं तईपासून गवत जगवाचं औषध मागनारं पहिलं गिऱ्हाईक तुमी." रांगेतला एक कास्तकार पुढे वाकला, त्याच्या कपाशीत निंदणाला मजूर मिळत नव्हते. "भाऊ, मायाकडून घेऊन जा ना," तो म्हणाला. "पाच एकर हाय. फुकट. उपटून नेजा फक्त."

लॉनवर त्यांची खरी लढाई हराळीशी आहे. विकतचं मेक्सिकन गवत माजुरडं. त्याला आपला उन्हाळा सोसत नाही, पाणी चुकलेलं खपत नाही. त्याच्या फटींतून न बोलावता येते ती हराळी, आपली दूर्वा. पाणी द्या, नका देऊ. तिच्या काशा जमिनीखालून चालत राहतात. त्यांच्या वडिलांनी हयातभर उन्हाळ्यात वावर खोल नांगरून त्या काशा वर काढल्या, वेचल्या, उन्हात वाळवल्या, बांधावर जाळल्या. दर्यापूरच्या वावरात बाप जे करत होता तेच निवृत्त साहेब इथे रोज सकाळी खुरपं घेऊन करतात, फक्त पिकाच्या जागी गवत आहे. एका उन्हाळ्यात सगळं मेक्सिकन मेलं आणि तग धरून राहिले ते हराळीचे चार पट्टे. दादा त्या दिवशी ओट्यावर बसले होते. म्हणाले, "हेच ठेव ना. हिरवं तं हिरवं." भाऊसाहेब म्हणाले, "दादा, ते तण आहे." दादांनी तंबाखू मळता मळता सगळ्या अंगणावरून नजर फिरवली. "बापानं जे जनमभर उपटलं ते तू पैसे देऊन लावलं. अन् जे फुकट आलं ते उपटून राह्यला. बापापेक्षा मोठा कास्तकार झाला तू."

गणपतीत तर आणखीच पंचाईत. लेआउटच्या बायका सकाळी ताटं घेऊन येतात : भाऊसाहेबांच्या दारी एवढी हिरवळ, एकवीस दूर्वांच्या जुड्या सहज मिळतील. भाऊसाहेबांना सांगावं लागतं, की या हिरवळीत दूर्वा नाहीत, कालच काढून टाकल्या. मग बायका शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जातात. त्या प्लॉटचा मालक नागपूरला असतो. प्लॉट घेतल्यापासून त्याने तिथे पेलाभर पाणी ओतलेलं नाही. पावसाळ्यात तो प्लॉट लॉनपेक्षा हिरवा दिसतो. हे कोणी त्यांच्यासमोर बोलायचं नाही असा आमच्या लेआउटचा अलिखित नियम आहे.

अकोल्याचे इवाई नसते तर भाऊसाहेबांचं वेड एव्हाना ओसरलं असतं, असा माझा अंदाज आहे. मुलगी अकोल्याला दिली. इवाई निवृत्त बँकवाले, आणि लग्न ठरवायला आले तेव्हा पत्रिकेआधी त्यांनी लॉन पाहिलं. वर्षभरात त्यांनीही घातलं. तेव्हापासून दोघांचं फोनवर जे बोलणं होतं त्यात मुलीची खुशाली शेवटी येते.

"तुमच्याकडे अप्पर वर्धा किती?"

"अडतीस. तुमचं महान?"

"बावीसवर आलं बाप्पा."

महान म्हणजे काटेपूर्णा धरण, अकोल्याची तहान त्याच्यावर. अकोलेकराला आपल्या उन्हाचा मोठा ताठा असतो. पारा ४६ ला टेकला की इवाई मुद्दाम फोन करतात. २०२४ च्या मे महिन्यात तिथे जिल्हा प्रशासनाने उन्हापायी कलम १४४ लावलं. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, असे हुकूम निघाले. त्या दिवशी इवाईंचा आवाज सातव्या मजल्यावर होता. "दंगलीत लागते ना, ते! आमच्याकडे उन्हासाठी लागलं!" भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि आमच्या अमरावतीचा पारा दीड अंशाने मागे असल्याबद्दल तासभर मुकाट्याने बसून राहिले.

इवाईंचं दुखणं वेगळं. घर अकोट रोडला नव्या लेआउटमध्ये; बोअर मारली, पाणी धो धो लागलं, आणि खारं लागलं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून सुमारे ९०० गावं त्यात येतात, आणि खुद्द भाऊसाहेबांचं दर्यापूरही. खारं पाणी गवताला दिलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. आधी पात्यांची टोकं करपतात, मग मातीवर पांढरा थर येतो, आणि त्या पाण्यातल्या सोडियमने काळी माती अशी घट्ट बसते की वरून दिलेलं पाणी आत जातच नाही. त्यावर जिप्सम टाकतात, चर काढून पाणी बाहेर नेतात. इवाईंनी जिप्सम टाकलं, शेणखत टाकलं, पावसाचं पाणी साठवायला टाकं बांधलं. दुसऱ्या मार्चला लॉनवर बोट फिरवून चाटलं तर खारट लागायचं. भाऊसाहेबांनी ते खरोखर चाटून पाहिलं आणि विहिणीसमोर म्हणाले, "भाजीले चालते."

यंदा एप्रिलमध्ये इवाईंचा फोन आला : या, पाहून जा, प्रश्न कायमचा मिटला. भाऊसाहेब मला सोबत घेऊन निघाले. मूर्तिजापूर मागे टाकेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. फाटकातून आत गेलो तर समोर हिरवंगार, सरळ, एका मापाचं लॉन. एक पिवळं पातं नाही. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. मग ते खाली बसले, एक पातं ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं, आणि उजळले. प्लास्टिकचं होतं.

पण हा उजेड फार टिकला नाही, कारण तेवढ्यात इवाई मागच्या बाजूने आले आणि त्यांच्या हातात पाइप होता. त्यांनी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला आणि त्या प्लास्टिकवर फवारा मारायला लागले.

"काहून?" भाऊसाहेबांना एवढंच विचारता आलं.

"तापते ना बाप्पा! पाय ठेवला तं फोड येते."

यात इवाई चूक नव्हते. जिवंत पात्यातून पाणी उडत असतं, म्हणून गवत भर उन्हात गार राहतं. प्लास्टिक नुसतं ऊन पीत बसतं. "हॉकीच्या टर्फवर बी मारतात पानी," इवाई जोरात म्हणाले, जणू आम्ही वाद घालत होतो. "अन् तुमच्यापेक्षा कितीतरी कमी लागते. रोज दहा बादल्या. बस."

चहा झाला, विहिणीने आंब्याचा रस आणि सरगुंडे वाढले, लेकीची विचारपूस झाली. निघताना भाऊसाहेबांनी पुन्हा एकदा वाकून त्या लॉनला हात लावला. इवाई म्हणाले, "घ्या तुमी बी. माणूस पाठवतो मापाले. एकदा टाकलं का दहा वर्सं पाहाचं काम नाही."

परतीच्या वाटेवर बोरगाव मंजूपर्यंत ते विचारात होते. मला वाटलं, दहा बादल्यांचा हिशेब चालला असेल. मग म्हणाले, "पानी कमी लागते, हे खरं."

"मग घेऊन टाका," मी म्हणालो.

"पण भाऊ, ते वाढत नाही. वाढत नाही तं कापाचं काय? त्याच्यात हराळी निंघत नाही, उधई लागत नाही, गाय येत नाही. अन् मरत बी नाही." त्यांनी काच खाली केली, बाहेरून भट्टीची झळ आत आली, ती त्यांना जाणवलीसुद्धा नाही. "मंग माणसानं पहाटं पाचले उठाचं कायले?"